वावरात अतिशयोक्ती नको

परवा संध्याकाळी ओवीचा आवाजी निरोप आला. ओवी म्हणजे माझ्या सुधाकरकाकाची मुलगी, यंदा दहावीला बसलेली. "ताई, उद्या मराठीचा पेपर हाये. अतिशयोक्तीचं एक उदाहरण सांग नं लवकर. आई म्हणते, पुस्तकातलं लिहू नोको, सोताचं लिही. मी बगीच्यात उभी राहून म्हणून पाह्यलं, आमची संत्री एवढी फुलली का खालून आभाळच दिसत नाई. तं बाबा पाण्याच्या दांडावरून धावतच आले!" आणि मागून काकाचा घाबरा आवाज: "वावरात अतिशयोक्ती नोको करू म्हणा तिले! घरी जा, दार लाव, आन मंग काय करायची ते कर!"

मी अकोल्यात चौथ्या मजल्यावर राहते. फेब्रुवारी संपता संपता इथलं ऊन डोळे वटारायला लागतं. (हा चेतनगुणोक्ती अलंकार. दहावी होऊन इतकी वर्षं झाली, पण खोड गेली नाही.) खिडकीतून समोरच्या इमारतीच्या पाण्याच्या टाक्या दिसतात, झाड एकही दिसत नाही. तरी काकाचा तो आवाज ऐकला आणि स्वयंपाकघरात संत्र्याच्या फुलांचा वास आला. गॅसवर वरण होतं, फोडणी लसणाची होती, वास मात्र अंजनगावजवळच्या आमच्या बगीच्याचा. ओवीला उदाहरण सांगायचं राहिलं आणि मी माझ्या स्वतःच्या दहावीच्या फेब्रुवारीत जाऊन पोचले.

संत्र्याच्या झाडाला फुलवायचं तर आधी त्याचं पाणी तोडावं लागतं. थंडीत महिनाभर त्याला कोरडं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, मग पाणी सोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पाणी मिळालं की झाड घाबरल्यासारखं अंगभर फुलतं, तो बहार. त्या वर्षी घरात दोघांना ताण दिला होता, बगीच्याला आणि मला. बगीच्याचं पाणी बंद झालं त्याच आठवड्यात माझा टीव्ही बंद झाला. बगीच्याचं पाणी महिन्याभरात सुरू झालं, माझा टीव्ही परीक्षेपर्यंत काही सुरू झाला नाही. मी तक्रार केली तर काका म्हणाला, "तुया बहार मार्चात हाये, तुले अजून टाइम हाये."

फुलं आली की आमच्या घरात एक नियम लागू व्हायचा. तो कुणी कधी सांगितला नाही, पण सगळ्यांना पाठ होता. फुललेल्या बगीच्याविषयी चांगलं बोलायचं नाही. कुणी विचारलं, "काय म्हणते बहार?" तर उत्तर एकच: "आहे थोडाबहुत." झाडं पांढरीशुभ्र झालेली, मधमाश्यांचा आवाज रस्त्यापर्यंत ऐकू येतोय, फाटकाशी उभं राहिलं तरी वासानं डोकं भणभणतंय, आणि मालक खाली मान घालून म्हणतोय, आहे थोडाबहुत. कारण चांगलं म्हटलं की दृष्ट लागते आणि दृष्ट लागली की गळ सुरू होते. एकदा छोटी फळं गळायला लागली की ती थांबवणं कुणाच्या हातात नसतं. म्हणून फाटकावर जुनी चप्पल टांगलेली असायची आणि तोंडावर ठीकठाक.

एरवी आमच्याकडची माणसं बोलताना हात आखडता घेतील असं मुळीच नाही. ऊन वाढलं की मेंदू उकडून राहिलेला असतो. भाजीत मीठ जास्त झालं की सारा समुद्र कढईत ओतलेला असतो. धारणीहून जीपनं आलेल्या पाहुण्याची हाडं रस्त्यातच गोळा करावी लागलेली असतात. वाईटाची अतिशयोक्ती कितीही करा, त्याला कुणी अडवत नाही. चांगल्याचं नाव काढलं की मात्र सगळे आवाज उतरवतात. हे सगळीकडे असंच असतं अशी माझी पंधराव्या वर्षापर्यंत समजूत होती.

त्यामुळे मी शाळेत पहिली आले तरी घरात थोडीबहुत हुशारच राहिले. शेजारीण विचारायची, "पोरगी लय हुशार दिसते तुमची?" आई म्हणायची, "कुठची वो, पास होते कशीतरी." सहामाहीचा निकाल घेऊन मी उड्या मारत आले, तर काकानं प्रगतिपुस्तक उलटंसुलटं पाहिलं, म्हणाला, "ठीकठाक हाये," आणि तडक बाहेर गेला. दुसऱ्या दिवशी माझ्या सायकलच्या कॅरिअरला एक फाटकी चप्पल बांधलेली सापडली. ती घेऊन मला शाळेत जावं लागलं. मैत्रिणी हसल्या, मी चिडले, आणि रात्री रडलेसुद्धा. मला वाटायचं, या घरात मी खरोखरच जेमतेम आहे.

तर अशा घरातल्या मुलीला अलंकार शिकायचे होते. अंजनगावात एक सर मराठीची शिकवणी घ्यायचे. सर अंगानं बारीक, पण उदाहरण देताना इतके फुलायचे की खुर्ची अपुरी पडायची. काका मला मोटारसायकलवर सोडायला यायचा आणि तास संपेपर्यंत खिडकीबाहेर कडुनिंबाखाली बसायचा. आत सर म्हणायचे, "तिचे मुख चंद्रासारखे आहे, ही झाली उपमा. तिचे मुख म्हणजे जणू चंद्रच, ही उत्प्रेक्षा. मुखचंद्र, हे रूपक. आणि हे मुख नव्हेच, हा तर चंद्र, ही अपन्हुती!" आम्ही भराभर उतरवून घ्यायचो. सुट्टी झाली की काका गाडीला किक मारता मारता विचारायचा, "काहून वं, त्या बाईले चेहरा नाई काय सोताचा?"

एकदा सरांनी अतिशयोक्ती शिकवली. उदाहरण त्यांचं स्वतःचं होतं. "विरहिणीच्या डोळ्यांतून एक अश्रू ओघळला आणि नदीला पूर येऊन सारे गाव वाहून गेले!" सर डोळे मिटून थांबले. तेवढ्यात खिडकीतून खरोखरच्या काळजीनं प्रश्न आला, "कोन्तं गाव सर? पंचनामा झाला काय?"

वर्ग हसत सुटला. सरांनी चष्मा काढून पुसला. काका चेष्टा करत नव्हता, हे फक्त मला कळत होतं आणि म्हणूनच जास्त लाज वाटत होती. हा माणूस स्वतः दहावीला मराठीत अडकला होता. गणित, इंग्रजी सुटलं, पण 'मी झाड झालो तर' या निबंधात त्यानं 'मी झाड होऊ शकत नाही' एवढंच लिहून पेपर दिला होता. परत येताना मी त्याला फैलावर घेतलं. म्हटलं, तुला अलंकारातलं काही कळत नाही तर बोलतोस कशाला? तो म्हणाला, "मले खोटं बोलता येत नाई ना माय, काय करू." आणि मग विहिरीशी गाडी थांबवून, पाण्याच्या मोटारीचं बटण दोनदा दाबून, वैतागून म्हणाला, "रुसली आज. काल जास्त चालवली म्हणून रुसली." मी टाळ्या पिटल्या. काका, हाच चेतनगुणोक्ती अलंकार! निर्जीव वस्तू रुसत नाही, तरी तू म्हणालास! त्यानं माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "नाई वं. ते खरंच रुसली हाये."

याच दिवसांत काकासाठी चांदूर रेल्वे या गावचं स्थळ आलं. काकानं तिशी ओलांडली होती. शेती करणाऱ्याला मुलगी द्यायला कुणी तयार नव्हतं. बगीचा बघून लोक माना डोलवायचे आणि शेवटी विचारायचे, "बरं, पण नोकरी कुठं?" नकार ऐकून ऐकून घरात त्या विषयावर बोलणंच थांबलं होतं. बाबा आईला एकदा म्हणालेले मी ऐकलं होतं, हे जमलं नाही तर सुधाकरचं काही खरं नाही. आणि ही मुलगी निराळी होती. वैशाली तिचं नाव. चांदूरच्या शाळेत मराठी शिकवायची. नोकरीवालाच नवरा पाहिजे असा तिचा हट्ट नव्हता. मध्यस्थ बापूरावांना तिनं एवढंच सांगितलं होतं, "शेतकरी चालेल. पण मनातलं बोलणारा पाहिजे."

मुलगी बघायला आम्ही सगळे गेलो. मला घरी एकटं ठेवलं तर मी टीव्ही लावीन, म्हणून अलंकाराच्या टिपणांसकट मलाही नेलं. ती पोहे घेऊन आली, माझ्या हातातले कागद तिनं पाहिले आणि काकाच्या आधी माझ्याशीच बोलली. "अलंकार करतेस? व्यतिरेक कळला का?" मी मान हलवली. ती हसली. त्या क्षणी मी शेजारी पाहिलं तर काका पोह्यांतल्या हिरव्या मिरच्या बाजूला न काढता एकामागून एक चावत होता आणि त्याला पत्ता नव्हता. नाकातून पाणी गळत होतं, तरी पठ्ठ्या खातोय. मला कळलं. माझ्या काकाला मुलगी मनापासून आवडली होती.

निघताना बापूरावांनी त्याला ओट्यावर घेतलं. बापूराव एसटीत कंडक्टर होते, निवृत्त होऊनही आवाज गाडीतच राहिलेला. "काय गा सुधाकर, कशी वाटली पोरगी?" काकानं इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, आवाज अगदी खाली उतरवला. मी उंबऱ्यात होते, मला ऐकू आलं. "आहे... ठीकठाक."

"ठीकठाक?" बापूराव गरजले. शेवटच्या बाकावर तिकीट विचारावं तसे. घरात आत कुठेतरी भांडं पडलं.

तिसऱ्या दिवशी चांदूरहून निरोप आला. ठीकठाक मुली दुसरीकडे पुष्कळ मिळतील, आम्हीही दुसरीकडे बघतो. बाबांनी कपाळाला हात लावला. काका दांडावर फावडं घेऊन उभा होता, तिथं बाबा तरातरा गेले. मी टिपणं घेऊन झाडाखाली बसले होते. बाबा म्हणाले, "अरे तुले आवडली नाई काय?"

काकानं दांडातला गाळ फावड्यानं ओढला.

"आवडली नं? मंग फोन लावतो, एकदा म्हण बाप्पा, लय आवडली म्हणून. दोन शब्द हायेत! जीभ झिजते काय तुयी?"

काकानं फावडं टेकवलं. तो फुललेल्या झाडांकडे बघत होता. "म्हणू काय दादा?" तो म्हणाला. "आन गळली तं?"

बाबांना रागवायचं होतं, पण ते स्वतः संत्र्यातच वाढलेले. दोघे भाऊ तसेच बहाराखाली उभे राहिले, आणि मला त्या दोघांचा भयंकर राग आला. हसूही आलं. पण काकाचा चेहरा पाहिला आणि हसू गेलं. मनातलं बोलणारा नवरा शोधणाऱ्या मुलीला नेमका हा माणूस दाखवला गेला होता, आणि आता सगळं संपलं होतं.

ते संपलं नाही, याचं श्रेय वैशालीचं. तिला म्हणे चैन पडेना. पोहे खाताना त्या माणसाचे डोळे भरून आले होते, हे तिनंही पाहिलं होतं. (ते मिरच्यांमुळे, हे तिला पुष्कळ नंतर कळलं.) तिनं वडिलांना सांगितलं, घर तर बघून येऊ, ठीकठाक म्हणणारा माणूस राहतो कुठं ते तरी बघू. पुढच्या रविवारी ती, तिचे वडील आणि बापूराव आमच्याकडे आले. मुलीनं स्वतः घर बघायला येणं हे आमच्या गावाला नवीन होतं. आईनं रोडगे आणि वांग्याची भाजी केली होती. जेवणं झाली आणि सगळे बगीच्यात गेले.

वैशालीच्या वडिलांचं चांदूरला कापडाचं दुकान. मालाची तारीफ करण्यात जन्म गेलेला. फाटकातून आत पाऊल टाकलं आणि त्यांनी दोन्ही हात वर केले. "अरे वा वा वा! काय फुलला हो बगीचा! पान दिसून नाई राह्यलं! असा बहार उभ्या जिल्ह्यात नसंन!"

पुढचं चित्र मी अजून विसरले नाही. आई थू थू करत पदर फिरवायला लागली. बाबा धावत म्हणाले, "कुठचं काय भाऊ, काहीच नाई, आहे आपलं थोडाबहुत!" आणि काकानं फाटकावरची चप्पल सरळ करून नेमकी होणाऱ्या सासऱ्याच्या तोंडासमोर आणली. "ठीकठाक हाये," तो घाईघाईनं म्हणाला, "ठीकठाकच हाये."

वैशाली चालता चालता थांबली. तिनं झाडांकडे पाहिलं. त्या दुपारी खरंच पान दिसत नव्हतं. मग तिनं चपलेकडे पाहिलं, मग काकाकडे.

"हे ठीकठाक?" तिनं विचारलं.

"व्हय."

"बरं. मग तुमचं सगळ्यात चांगलं झाड कुठलं?"

काका तिला विहिरीकडच्या झाडाशी घेऊन गेला. मी मागोमाग, कारण मला राहवलंच नाही. त्या झाडाचं काय सांगू! (आज घरात आहे, दार लावलंय, तरी नाही सांगत.) काकानं त्याच्या खोडावर हात ठेवला आणि झाडालाही ऐकू जाऊ नये इतक्या हळू म्हणाला, "हे जरा बरं हाये."

"असं का बोलता तुम्ही?" तिनं विचारलं. रागानं नाही, वर्गात एखाद्या मुलाला विचारावं तसं.

काका बराच वेळ खोडाची साल खरवडत राहिला. मग म्हणाला, "जे राह्यलं पाहिजे वाटते नं... त्याच्याबद्दल आमी जास्त बोलत नाई."

मधमाश्या तेवढ्या बोलत होत्या. ती माझ्याकडे वळली. डोळे हसत होते, पण पूर्ण हसत नव्हते. "काय गं, ठीकठाकमध्ये कोणता अलंकार?" मी डोळे मिटून टिपणाचं पानन् पान उलटलं. उपमा नाही, रूपक नाही. अतिशयोक्तीच्या तर अगदी उलट. म्हटलं, "मॅडम, हा वहीत नाही."

"नाहीच," ती म्हणाली. आणि वडिलांकडे जाऊन, सगळ्यांना ऐकू जाईल असं पण आवाज नीट खाली उतरवून म्हणाली, "बाबा, स्थळ ठीकठाक आहे."

वडिलांचा चेहरा पडला. "म्हणजे नाही?"

"म्हणजे हो."

काका तिथल्या तिथे झाडाच्या आळ्यात बसला. चिखल होता, कपडे नवे होते, पण त्याला कुणी उठवलं नाही. बापूरावांनी मात्र जोरात "जमलं!" अशी आरोळी ठोकली आणि आईनं त्यांना गप्प केलं.

दुसऱ्या दिवशी मी शिकवणीत हात वर केला. "सर, असलेलं मुद्दाम कमी करून सांगायचं, जपण्यासाठी, तो कोणता अलंकार?" सरांनी विचार केला, वरच्या पंख्याकडे पाहिलं, म्हणाले, "परीक्षेला येत नाही. सोड."

परीक्षेला तो खरंच आला नाही. अतिशयोक्ती आली, मी एका अश्रूनं एक गाव वाहून नेलं आणि पूर्ण गुण मिळवले. पण त्या रविवारी रात्री मी सायकलच्या कॅरिअरची ती फाटकी चप्पल काढून हातात घेतली होती. घरात जुन्या चपला पुष्कळ होत्या. काकानं त्यातली नीट टिकेल अशी शोधून, तारेनं दोन वेढे देऊन घट्ट बांधली होती. मी पुन्हा रडले, आणि या वेळी आनंदानं. मी थोडीबहुत नव्हते. मी विहिरीकडच्या झाडासारखी होते. (ही उपमा, आणि मला ती फार आवडते.) चप्पल मी होती तशी परत बांधली आणि बोर्डाच्या पेपरला तीच सायकल घेऊन गेले.

लग्नात फोटोवाला म्हणाला, "वहिनी काय दिसतात हो!" तेव्हा नवरदेव बोहल्यावरून ओरडला होता, "ठीकठाक!" चांदूरच्या पाहुण्यांत कुजबुज झाली. नवरी मात्र मुंडावळ्यांआडून लाजली.

हे सगळं आठवण्यात वरण करपलं. ओवीला मी दुसरंच एक उदाहरण पाठवलं, आमच्या अकोल्याच्या उन्हाचं, कारण उन्हाला दृष्ट लागली तर कुणाचीच हरकत नाही. काल दुपारी पेपर सुटल्यावर तिचा फोन आला. ती उत्साहानं नुसती उतू चालली होती.

"ताई! मराठी काय भारी गेला म्हणून सांगू! एकही..."

पुढचं ऐकूच आलं नाही. मागून दोन माणसं एकदम ओरडली. त्यातला एक आवाज काकाचा. दुसरा, घाबरलेला आणि त्याच्याहून मोठा, वैशालीकाकूचा. इतकी वर्षं शाळेत अलंकार शिकवणाऱ्या, एरवी फोनवरही छापल्यासारखं बोलणाऱ्या वैशालीकाकूचा. "ओवे! ठीकठाक गेला म्हण! ठीकठाक गेला म्हण नं वं माय!"

मी फोन ठेवला. माझ्या सासूबाई बाहेरच्या खोलीतून विचारत होत्या, काय गं, कसा गेला पोरीचा पेपर? मी उत्तर द्यायच्या आधी उठले, खिडकी लावली आणि आवाज खाली उतरवला.

"आहे," मी म्हटलं, "थोडाबहुत."